पान लागलं

आमच्या घरात दोन नावं घेतली जात नाहीत. एक सापाचं, दिवेलागणीनंतर. अम्मी त्याला ‘रस्सी’ म्हणते, शेजारच्या काकू ‘लांबडं’ म्हणतात, आणि कुणाला चावलाच तर ‘पान लागलं’ म्हणायचं, तेही आवाज खाली घेऊन. दुसरं नाव माझ्या धाकट्या भावाचं. ते दिवसाउजेडीही कुणी घेत नाही.

त्यामुळे गेल्या पावसाळ्यात एका रविवारी, मगरिबच्या नमाजनंतर, बाहेरच्या खोलीतून पोरांचा आरडाओरडा आला, “साप चावला! विष! फेक, फेक लवकर... गेला! गेला!” तेव्हा मी तपासत असलेल्या वह्या तशाच टाकून धावलो. माझ्या आधी अम्मी पोचली होती. एरवी तिला गुडघ्यांमुळे नुसतं उठायला दोन मिनिटं लागतात.

खोलीत साप नव्हता. सतरंजीवर चौकटीचा कागद पसरलेला, त्यावर पेन्सिलीने काढलेल्या गुहेच्या वाटा, चिवड्याची ताटली, झेरॉक्सच्या दुकानातून आणलेले कागद, आणि निळ्या रंगाचे सात फासे. माझा मुलगा आणि त्याचे तीन मित्र, सगळे अकरावीचे, आमच्याकडे बघत होते.

“किसकू? किसकू काट्या?” अम्मीने विचारलं.

“दादी, खेळातला आहे,” मुलगा म्हणाला. “खरा नाही.”

अम्मी क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिची नजर फाशांवर गेली. “पासे? मेरे घर में जुव्वा?” तिने वाकून सातही फासे गोळा केले, पदराच्या टोकात बांधले आणि आत निघून गेली.

ज्यांना हा खेळ माहीत नाही (मलाही नव्हता) त्यांच्यासाठी थोडं सांगतो. त्याचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. पोरं नुसतं ‘डी अँड डी’ म्हणतात. 1974 साली अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो काढला. यात पट असलाच पाहिजे असं नाही, सोंगट्या नसल्या तरी चालतं, आणि जिंकणं-हरणंही नेहमीच्या अर्थाने नसतं. एकजण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार, कुणी मंत्राने जखमा भरणारा धर्मगुरू. सांगणारा म्हणतो, “समोर दार आहे, आतून फुसफुस ऐकू येते, काय करता?” ते सांगतात काय करतात. जमलं की नाही हे फासा ठरवतो. चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे फासे असतात, पण खरा राजा वीस बाजूंचा.

त्या रात्री गोष्ट सांगणारा माझा मुलगा होता, आणि जादूगाराला साप चावला होता. जादूगार पडला होता, पण अजून मेला नव्हता. या खेळात शक्तीचे गुण शून्यावर आले की माणूस लगेच मरत नाही. दर खेपेला वीस बाजूंचा फासा टाकायचा, दहा किंवा वर आलं तर एक बाजू जगण्याची, खाली आलं तर मरण्याची. कुठलीही तीन आधी भरतील तसं. अम्मीने नेमके तेव्हाच फासे उचलल्यामुळे तो बिचारा आठवडाभर ना जिवंत ना मेलेला असा लटकून राहिला.

फाशांबद्दल अम्मीचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. फाशांच्या खेळाबद्दल हदीसमध्ये कडक ताकीद आहे आणि बरेच उलेमा पैज नसली तरीही फासे नकोच म्हणतात. काही थोडं सैल धरतात. मी मुफ्ती नाही, उर्दू शाळेत मराठी शिकवणारा मास्तर आहे, त्यामुळे त्यात पडत नाही. गंमत म्हणजे 1980च्या दशकात खुद्द अमेरिकेत धार्मिक ख्रिस्ती आईबापांनी या खेळाविरुद्ध मोठं काहूर उठवलं होतं. 1989च्या आवृत्तीतून कंपनीने ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्दच काढून टाकले. म्हणजे आमची अम्मी एकटी नव्हती.

पण मला तिचं फाशांचं कारण पटलं नाही. पोरं सुट्टीत लुडो खेळतात तेव्हा ती शेजारी बसून कुणाची सोंगटी कुठे अडकली ते सांगते. लुडोलाही फासा लागतो. तिचं वैर आहे ते सापशिडीशी. लुडोच्या पाठीमागच्या बाजूला सापशिडी छापलेली असते, आणि आमच्या घरातल्या प्रत्येक लुडोच्या पाठीला तिने खाकी कागद चिकटवलेला आहे. माझ्या मुलाला वाटायचं, पुठ्ठा फाटू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे ते कागद मागितले. मास्तरची खोड, मुलाच्या हातात काय छापील आहे ते वाचून बघायचं. तो खूश झाला. मला शिकवायची संधी मिळाली म्हणून असेल.

सापांचं एक अख्खं गावच निघालं. साधा विषारी साप, मोठा विषारी साप, विळखा घालणारा अजगर, उडणारा साप. त्यांच्यावर माणसाचं धड आणि सापाचं अंग असलेली ‘युआन-टी’ नावाची जमात. ही 1981च्या एका पुस्तिकेत पहिल्यांदा आली. जंगलात हरवलेल्या शहरात राहणारी, थंड डोक्याची, दुष्ट. मग पंखांचा साप ‘कोआट्ल’, हा मेक्सिकोच्या जुन्या देवतेवरून घेतलेला, आणि हा चक्क सज्जन. आणि एके ठिकाणी मी थांबलो. ‘नागा’.

“हा आपला नाग आहे,” मी म्हणालो.

“नागा म्हणजे वेगळं, अब्बू. माणसाचं तोंड असतं त्याला.”

“अरे, आपल्याच नागाला असतं.” नाग हा संस्कृतातला शब्द. शेष, वासुकी, तक्षक ही त्या कुळातली मंडळी, पाताळात राज्य करणारी, कधी माणसाच्या रूपात, कधी सापाच्या. 1977च्या राक्षसांच्या पुस्तकात तीन जातीचे नागा आले: एक रक्षक, तो सज्जन, एक पाण्यातला, आणि एक भूतासारखा, तो दुष्ट. रक्षक नागा पवित्र जागा आणि खजिने राखत बसतो, आणि नव्या नियमांप्रमाणे मेला तरी एक ते सहा दिवसांत पुन्हा जिवंत होतो. गुप्तधनावर नाग बसलेला असतो ही गोष्ट माझ्या आजीने मला सांगितली होती, तिला शेजारच्या कुलकर्ण्यांच्या आजीने. ती अमेरिकेला जाऊन, गुण-बिण लावून, इंग्रजी अनेकवचनाचा एस जोडून परत माझ्या बाहेरच्या खोलीत आली होती.

जुन्या नियमांत धर्मगुरूला एक मंत्र होता, काठ्यांचे साप करायचा. मुलाने तो मला मोठ्या कौतुकाने दाखवला. “हा कुठून आला ते ओळख,” मी म्हणालो. तो विचारात पडला. मी त्याला हजरत मूसांच्या असाची आठवण करून दिली, तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. कुरआनात हा किस्सा येतो तिथलं एक बारकं वर्णन मला नेहमी आवडत आलंय. काठीचा साप झाल्यावर मूसा पाठ फिरवून पळतात, मागे वळूनही बघत नाहीत. मग अल्लाह त्यांना सांगतो, घाबरू नकोस. पैगंबरही सापाला घाबरले, हे मला लहानपणी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग मी त्याला विचारलं, “त्या साध्या विषारी सापाचा तक्ता दाखव.”

आमच्या घरात आकडे बोलतात. मी गणिताचा नाही, पण बीएडला मूल्यमापनाचा पेपर असतो, गुण बघितले की हात शिवशिवतात. साध्या विषारी सापाचा जीव 2 गुणांचा. एका काठीत खलास. चावला की 1 गुण जातो, आणि ज्याला चावला त्याने लगेच वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा वर आलं तर विष अर्धं लागतं, खाली आलं तर चार बाजूंचे दोन फासे टाकून बेरीज येईल तेवढे गुण जातात. सरासरी पाच. पहिल्या पायरीवरच्या योद्ध्याकडे दहा-बारा गुण असतात, म्हणजे तो एका चाव्याने मरतच नाही. जादूगार अशक्त, म्हणून पडला.

“हे सोपं झालंय आता,” मुलगा म्हणाला. “जुन्या काळी सेव्ह फेल झाला की डायरेक्ट मेला.”

खरं आहे. 1974च्या मूळ नियमांत जीव वाचवायच्या फाशाचा पहिला रकानाच ‘मृत्युकिरण किंवा विष’ असा आहे. 1981च्या सोप्या आवृत्तीत नवशिक्या योद्ध्याला विषातून वाचायला वीसपैकी बारा किंवा जास्त पाडावे लागत. म्हणजे शंभरात पंचेचाळीस वेळा जगेल, पंचावन्न वेळा मरेल. पण एक फासा मिळायचाच. गायगॅक्सने 1979च्या पुस्तकात याचं समर्थन केलंय की कितीही अवघड प्रसंग असो, संधी दिलीच पाहिजे. विंचवाची नांगी लागूनही विष आत गेलं नसेल, असं काहीतरी कारण शोधता येतं. हे त्याने खेळासाठी म्हटलं असलं तरी डॉक्टरही तेच सांगतात. विषारी साप चावूनही कधीकधी विष सोडत नाही. त्याला कोरडा दंश म्हणतात. झाडफूक करणाऱ्यांची निम्मी कीर्ती त्यावर उभी आहे. उरलेली निम्मी बिनविषारी सापांवर.

मुलाने पुढचं पान उलटलं. “आणि हा साधा माणूस. कॉमनर. शेतकरी, दुकानदार, असे. याचे 4 गुण.”

“लहान मुलाचे किती?”

त्याने कागद चाळले, मोबाइलवर शोधलं. “लहान मुलाचा तक्ता नाहीये, अब्बू.”

मी कागद खाली ठेवले.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी त्याला गच्चीवर नेलं आणि त्याच्या चाचाबद्दल सांगितलं. तोवर त्याला एवढंच माहीत होतं की एक चाचा होता आणि तो लहानपणी ‘बिमारीत’ गेला.

1991चा पावसाळा. कृष्णाकाठचं आमचं गाव, कौलांचं घर, मागे ऊस. मी अकरा वर्षांचा, तो सात. आम्ही दोघं जमिनीवर एका गोधडीत झोपायचो. पहाटे चारच्या सुमारास तो उठला आणि म्हणाला, पोटात दुखतंय. अम्मीने ओव्याचं पाणी दिलं. मग म्हणाला, घसा दुखतोय, गिळवत नाही. फजरच्या अजानला अब्बांनी आम्हाला उठवलं. सकाळी मकतबला जायचं असे, अरबीचा धडा असे, आणि त्याला त्या दिवशी धडा येत नव्हता हे मला ठाऊक होतं. त्याचे डोळे अर्धवट मिटलेले. उघड म्हटलं तरी उघडेना. अब्बांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “नाटक करतोय.”

मी हे वाक्य याआधी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

मण्यार. काळा, चकाकणारा, अंगावर बारीक पांढरे पट्टे. रात्री उंदरांमागे किंवा दुसऱ्या सापांमागे घरात येतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या उबेला येतो, आणि चावला तर कळत नाही. सूज नाही, आग नाही, रक्त नाही. खूण डास चावल्यासारखी, तीही दिसली तर. त्याचं विष मज्जातंतूंवर जातं. आधी पोट, घसा, मग पापण्या, मग मान, शेवटी श्वास. हे सगळं मी मोठेपणी वाचलं. पापण्या मिटणं हे त्याचं सगळ्यात ठळक लक्षण आहे, हेही.

आठ वाजता शेजारची बाई आली, तिने बघितलं आणि म्हणाली, पान लागलंय याला. मग कडुलिंबाचा पाला चावायला दिला. गोड लागला तर विष, कडू लागला तर नाही, अशी आमच्याकडची परीक्षा. त्याने तोंड वाकडं केलं. कडू. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्या परीक्षेत काही तथ्य नाही. पण तेव्हा त्या पाल्याने आमचा एक तास खाल्ला. मग दम करणाऱ्याला बोलावलं. त्याला दोष देत नाही, त्याने मनापासून पढलं. मग कुणी म्हणालं मारुतीच्या देवळात नेऊन ठेवा, उतरतं. अब्बांनी तेही केलं. पाच वक्ताचा नमाजी माणूस आपल्या पोराला घेऊन मारुतीच्या पायरीवर बसला, आणि गावात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, ना इकडच्यांना ना तिकडच्यांना. साडेदहाला दुधाची गाडी मिळाली. तालुका सतरा किलोमीटर. श्वास वाटेत थांबला.

दुपारी माणसांनी घरातल्या गोधड्या उचकल्या. साप तिथेच होता, वाकळांच्या ढिगात. त्याला मारला आणि रस्त्यावर टाकला. मी बघायला गेलो होतो. एवढासा होता.

हे सांगताना मला महाभारतातली एक गोष्ट आठवली, दरवर्षी वर्गात सांगतो ती. परीक्षित राजाला तक्षक नाग सातव्या दिवशी चावणार असा शाप असतो. काश्यप नावाचा एक विष उतरवणारा त्याला वाचवायला निघतो. वाटेत तक्षक त्याला गाठतो, एक वड दंश करून जाळून दाखवतो, काश्यप तो पुन्हा हिरवा करून दाखवतो. तेव्हा तक्षक त्याला धन देतो आणि परत पाठवतो. राजा मरतो. मुलं विचारतात, सर, काश्यप का परतला? मी म्हणतो, लोभ. पण इतकी वर्षं ती गोष्ट सांगताना माझं लक्ष तक्षकाकडे नसतंच. ते त्या वाटेवर असतं, जिथे औषध अर्ध्यावर थांबलं होतं.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तुम्ही एकाच गोधडीत होतात?”

“हो.”

“म्हणजे तुमचा पण फासा पडला असेल.”

मला काय बोलावं कळलं नाही. टाकीवरचा नळ गळत होता, तो मी जाऊन बंद केला.

नंतरच्या चार-पाच दिवसांत मी त्याला वाचायला काही दिलं, त्याने मला काही दाखवलं. अमेरिकेत विषारी साप वर्षाला सात-आठ हजार माणसांना चावतो आणि त्यातली साधारण पाच मरतात. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने अंदाजे बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. निम्मी जून ते सप्टेंबरात, आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त पंधरा वर्षांखालची मुलं. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं ते 2017 साली. मला वाटतं, जिथे वर्षाला पाच माणसं जातात तिथेच सापाला खुशाल राक्षस करता येतं. गुहेत बसवायचा, खजिना राखायला लावायचा, तलवारीने मारायचा. आमच्याकडे तो गुहेत नसतो. पायाशी, सरपणात, उसाच्या पाचटात, चुलीमागे असतो, आणि त्याला आपल्याशी लढायचंही नसतं. मण्यार माझ्या भावाचा शत्रू नव्हता. त्याला बहुतेक उंदीर हवा होता, आणि भावाने झोपेत कूस बदलली असेल.

खेळातल्या दुकानात ‘अँटिटॉक्सिन’ची बाटली 50 सुवर्णमुद्रांना मिळते. ती घेतली की तासभर विषाविरुद्ध फासा दोनदा टाकता येतो, चांगला येईल तो धरायचा. आपली सापाची लस घोड्यांच्या रक्तातून करतात. मुंबईच्या हाफकिनने ती वर्षानुवर्षं बनवली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच. मण्यारीत मात्र लस दिल्यावरही कित्येकदा श्वास चालू ठेवायला यंत्र लागतं, तासन्‌तास, कधी दिवस. तेवढं झालं तर माणूस उठून घरी जातो. माझ्या मुलाला यातलं सगळ्यात जास्त हेच लागलं. “म्हणजे नुसता कुणीतरी श्वास देत राहिला असता तर?” त्याने दोनदा विचारलं. मी हो म्हणालो.

पुढच्या रविवारी पोरं पुन्हा जमली, या वेळी दुपारी. फासे पदरातच होते, म्हणून मोबाइलवरचे फासे काढले. आधी लटकलेल्या जादूगाराचा निकाल लागला, वाचला. मी दाराशी वर्तमानपत्र घेऊन बसलो. अम्मी आतल्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती.

मुलाने गोष्ट पुढे नेली. रात्र, नदीकाठ, तळ. सगळे झोपले. त्याने मोबाइल स्वतःकडे वळवून काहीतरी टाकलं आणि काही बोलला नाही.

“पहाटे योद्ध्याला जाग येते,” तो म्हणाला. “पोटात दुखतंय. काय करता?”

योद्धा होता तो उंच पोरगा हसला. “काल हरीण खाल्लं ना. पाणी पितो.”

“घसा दुखतो. गिळताना त्रास होतो. काय करता?”

“कुणी विष घातलंय का? रोल करू?”

“रोल नको. काय दिसतंय ते सांगतो. त्याच्या पापण्या जड झाल्यात. पलीकडच्या तीराला मठ आहे, तिथे बरं करणारे आहेत. अर्ध्या दिवसाची वाट. काय करता?”

धर्मगुरूने जखमेचा मंत्र म्हणून बघितला, गुण वाढले, पापण्या तशाच. चोराने अंथरुणं झटकली. त्याला साप सापडला. काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा. सगळे एकदम जागे झाले. साप दगडाखाली शिरला, त्यांनी दगड उचलले, आग लावली, वेढा घातला. पाऊण तास खेळातला आणि दहा मिनिटं खरी गेली. शेवटी चोराने त्याला मारला. 2 गुणांचा साप.

“पंचवीस एक्सपी,” चोर म्हणाला. हे साप मारल्याचे बक्षिसाचे गुण. पुस्तकात तसेच आहेत.

“घे,” मुलगा म्हणाला. “योद्ध्याची मान आता उभी राहत नाही. काय करता?”

मग ते निघाले. होडी शोधली. योद्धा नदीच्या मध्यावर मेला.

उंच पोरगा भडकला. “सेव्ह दिलाच नाहीस! हे फेअर नाही. चावलं तेव्हा सांगायला पाहिजे होतं.”

“कळतच नाही चावलेलं.”

“मग खेळायचं कशाला?”

माझा मुलगा लाल झाला होता. तो काही बोलणार तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला.

“उसकू पैले दवाखाने में कायकू नै लेके गए?”

चौघांनी मान वळवली. अम्मीच्या हातातलं सूप खाली होतं.

“दादी, साप शोधत होतो,” चोर म्हणाला.

“मिला ना रस्सी? क्या किए उसका?” दुपार असूनही ती रस्सीच म्हणाली. कुणी उत्तर दिलं नाही. तिने गुडघ्यावर हात ठेवला आणि उठली, नेहमीसारखी, दोन मिनिटं घेत. पोरांजवळ आली, पदराची गाठ सोडली. एकेक करून सात फासे सतरंजीवर ठेवले. वीस बाजूंचा हातात फिरवून बघितला.

“मगरिब के बाद नै खेलना,” ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मीही वर्तमानपत्रच बघत होतो.

उंच पोरगा अजून फुगलेला होता, पण त्याने कोरा कागद ओढला. नवा माणूस तयार करायला सहा बाजूंचे चार फासे लागतात, सहा वेळा. सात फाशांच्या संचात सहा बाजूंचा एकच असतो. मोबाइल समोर होता, तरी त्याने तो निळा फासा उचलला आणि तोच चार-चार वेळा टाकत, आकडे लिहीत बसला.